मोठ्या पात्याला लहान पुली

तुमचे आजोबा गेल्यानंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, विहारातली मंडळी जेवून गेली, तुमचे आईबाबा विमानाची वेळ गाठायला निघाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेड आवरायला घेतली. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या आवरण्यातून झालं. मधे आरीवाले काका का येत नाहीत, असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी त्यांची तब्येत बरी नाही म्हणाले. ते खरं नव्हतं. ते काम सोडून निघाले होते, आणि ते माझ्यामुळे.

शेड तुम्ही पाहिलेली आहे. तीर्थपुरीच्या घरामागची, पत्र्याची. आत एकच मशीन. लोखंडी टेबल, टेबलाच्या फटीतून अर्धं वर आलेलं गोल आरीचं पातं, खाली मोटर, आणि मोटरीची ताकद पात्यापर्यंत नेणारा रबरी पट्टा. आजोबांनी जालन्याच्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन हे मशीन बसवलं. आसपासचे सुतार लिंबाचं, बाभळीचं जाड लाकूड घेऊन येत आणि चौकटीचे तुकडे, फळ्या कापून नेत. आजोबा लाकूड पुढे सरकवायचे, काका पलीकडून धरून ओढायचे. काका धनगराच्या घरातले. वडिलांच्या मेंढरांमागे फिरण्यात त्यांची शाळा राहिली. अक्षर किंवा आकडा त्यांना वाचता येत नाही, पण लांबी ते वितीने सांगतात आणि एका सुताचाही फरक पडत नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार अजून त्यातच बोलतात.

त्या सकाळी मला काही वाटत नव्हतं. वाईटसुद्धा नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात, मग ओठ आपला असूनही आपला लागत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. अशा वेळी हाताला काम हवं. मी नोकरीभर इंग्रजी आणि गणित शिकवलं, आणि त्याआधी मिशनच्या शाळेत शिकले, जिथे दौत वाकडी ठेवली तरी उभं राहावं लागे. आवरणं मला येतं.

शेडच्या भिंतीला खिळे होते आणि त्यांवर तीन पाती आणि तीन पुल्या कशाही टांगलेल्या. पुली म्हणजे मोटरीच्या दांड्यावर बसवायचं खाचेचं चाक, ज्यावरून पट्टा फिरतो. पाती अठरा, चौदा आणि बारा इंची. पुल्या सहा, पाच आणि चार इंची. प्रत्येकीवर धूळ, भुसा, तेल, आणि त्या घाणीत रंगीत ठिपके. कुठे पिवळा, कुठे लाल, कुठे पांढरा.

ते ठिपके पाहून मला राग आला. त्या दिवसांत आलेली ती एकच भावना, म्हणून लक्षात आहे. दर वर्षी खंडेनवमीला काका मशीन पुसत, हळदकुंकू लावत, नारळ फोडत. आपल्या घरात हे चालत नाही. दुसऱ्या दिवशी आपण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढरे कपडे घालून विहारात जायचं आणि घरामागे मशीनला कुंकू, हे मला खटकायचं. मी आजोबांना तसं म्हटलं होतं. ते हसले.

"बावीस प्रतिज्ञा तू घेतल्यास, मी घेतल्या. मशीननं कुठं घेतल्या?"

"मशीन आपलं आहे."

"मशीन आपलं, पण त्याच्यापाशी हात त्याचे असतात. लावू दे त्याला."

आता सांगायला आजोबा नव्हते. मी रॉकेलमध्ये चिंधी बुडवली आणि सगळे ठिपके पुसून काढले. निघेनात, तेव्हा पॉलिश पेपर घेतला. कुंकू इतकं घट्ट बसत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. मग मी खिळे उपटून सरळ रेषेत ठोकले. वरच्या ओळीत पाती, मोठ्याकडून लहानाकडे. खालच्या ओळीत पुल्या, मोठीकडून लहानीकडे. मोठ्या पात्याखाली मोठी पुली, मधल्याखाली मधली, लहानाखाली लहान. शाळेतल्या कपाटासारखं दिसू लागलं. मी हात धुतले आणि वरणभात लावला.

काका तिसऱ्या दिवशी आले. दारातच थांबले. भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले, मग जवळ जाऊन एका पुलीवरून अंगठा फिरवला.

"लई झाक लावलं, बाई."

"आता काही शोधावं लागणार नाही तुला."

"न्हाई, बराबर हाय," ते म्हणाले. आणखी काही म्हणायचं होतं की काय, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

पाती आणि पुल्या बसवायचं काम आजोबा स्वतः करत. काका फक्त काढून हातात देत. आता ते बसवू लागले. अठरा इंची पातं घेतलं की त्याच्या खालची पुली घ्यायची, बारा इंची घेतलं की त्याच्या खालची. मी भिंतीवर जशी मांडली होती, तशी. पलीकडून लाकूड धरायला जो सुतार आलेला असेल तोच उभा राहायचा.

पहिल्या आठवड्यापासून वास येऊ लागला, जळक्या लाकडाचा. मोठं पातं चालू झालं की किंचाळायचं, आणि कापलेल्या बाजूला काळे चट्टे पडायचे. लहान पातं मात्र कुरकुरत चालायचं, लाकूड कापण्याऐवजी ओरबाडायचं, मधेच धरून झटका द्यायचं. काका म्हणाले, व्होल्टेज कमी आहे. मग म्हणाले, लाकूड ओलं आहे. मग तिन्ही पाती पोत्यात घालून जालन्याला जाऊन धार लावून आणली. वास गेला नाही.

एक म्हातारे सुतार नेहमी यायचे. त्यांनी आपल्या चौकटीचा तुकडा नाकाला लावला.

"काय रं, कापली का भाजली? इतकी खरपूस तर माझी म्हतारी भाकर भाजत न्हाई."

"वलं हाय लाकूड, बाबा."

"दोन उन्हाळे माळवदावर पडेल व्हतं. वलं म्हणतो! सर असताना कधी वलं निघालं न्हाई ते?"

काकांनी पुढचं लाकूड टेबलावर ओढलं. मी ओसरीवरून ऐकलं आणि पुन्हा पेपर वाचू लागले. कोणतं पान वाचत होते ते सांगता येणार नाही.

हळूहळू सुतार कमी झाले. आणि एके दिवशी बारा इंची पात्यावर बाभळीची पट्टी कापताना पात्याने ती धरली आणि उलटी फेकली. पट्टी काकांच्या मांडीवर बसली. मी धावत गेले तेव्हा ते खाली बसले होते, मोटर चालूच होती. मी बटण बंद केलं आणि घरातून बर्फ आणला. मांडी काळीनिळी झाली होती. त्यांचं लक्ष मांडीकडे नव्हतं. ते उजवा हात डोळ्यांसमोर धरून बोटं उघडत मिटत होते.

"चार बोटं अलीकडं असता तर गेला असता, बाई."

"पण नाही ना गेला."

"गेल्यासारखाच हाय. सर हायेत तवर माझे हात व्हते. सर गेले, हात गेले. लाकूड कसं धराव तेच कळून न्हाई राह्यलं." मग ते म्हणाले, "नव्या जालन्याला माझा साडू हाय. बियाण्याच्या कंपनीच्या गोडाऊनवर राखणदार पायजे म्हणतो. खुर्ची देते, टॉर्च देते."

"तुला बसवेल का दिवसभर खुर्चीवर?"

"बसून बसून बुड दुखंल. हात तर ऱ्हातील."

हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी शांतपणे ऐकलं. चहा केला. त्यांनी अर्धाच घेतला. तेव्हा, का कोण जाणे, मी विचारलं, "सर कसं ठरवायचे रे, कोणत्या पात्याला कोणती पुली?"

"टिकले पाहून."

"कोणते टिकले?"

"ते व्हते ना रंगाचे. पिवळ्या पात्याला पिवळी पुली. लालाला लाल. सर म्हणायचे, पिवळं दे, मी पिवळं द्यायचो. मला आकडे कळत न्हाईत म्हणून सरांनीच लावल्ते."

"मला वाटलं ते तुझे. खंडेनवमीचे."

काका पहिल्यांदा हसले. "माझे? मी टेबलाला लावायचो, एकच. पात्याला काहून लावू? माझी माय म्हणायची, धारेला कुंकू दावलं का ती रगत मागती." मग म्हणाले, "तुम्ही पुसले तवा मला वाटलं, बाईला ठावं असंल समदं. तुम्ही इंग्रजी शिकेल. तुम्ही लावलं म्हंजे बराबरच असंल."

ते लंगडत घरी गेले. मी कागद घेऊन बसले.

हा हिशोब तुम्हालाही येईल. दोन वर्षांपूर्वी जांबेच्या जत्रेत तुम्ही गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसला होतात. धाकटीला आतल्या घोड्यावर बसवलं होतं आणि थोरल्याला बाहेरच्या. फेरी दोघांची एकाच वेळी पूर्ण झाली, पण थोरला टोपी धरून ओरडत होता आणि धाकटी कंटाळली होती. बाहेरच्या घोड्याला तेवढ्याच वेळात जास्त अंतर पळावं लागतं. पात्याचंही तसंच. दाते असतात कडेवर. पातं जितकं मोठं, तितके त्याचे दाते एका फेऱ्यात जास्त पळणार. म्हणून मोठ्या पात्याला फेरे कमी द्यायचे आणि लहानाला जास्त. लाकूड नीट कापायचं तर दात्यांचा वेग तिन्ही पात्यांना जवळपास सारखा पडायला हवा. फार झाला तर लाकूड जळतं, पातं तापून लवतं. कमी पडला तर दाते लाकडात अडकतात आणि झटका देतात.

मोटर मिनिटाला एक हजार चारशे चाळीस फेरे घेते, तसं तिच्या पत्र्यावर लिहिलं आहे. पात्याच्या बाजूची पुली कायमची तीन इंची. म्हणजे मोटरीला सहा इंची पुली लावली तर पातं मोटरीच्या दुप्पट, दोन हजार आठशे ऐंशी फेरे घेणार, पाच इंची लावली तर दोन हजार चारशे, चार इंची लावली तर एक हजार नऊशे वीस. मी प्रत्येक पात्याचा परीघ काढला आणि गुणाकार मांडले. मी लावल्याप्रमाणे मोठ्या पात्याला मोठी पुली असेल, तर दाते मिनिटाला एक लाख बासष्ट हजार इंच पळत होते. लहान पात्याला लहान पुली, तर बहात्तर हजार. एक किंचाळत होतं आणि दुसरं ओरबाडत होतं, ते यासाठी.

मग मी उलट मांडलं. अठरा इंचीला चार, बाराला सहा. दोन्ही उत्तरं एक लाख आठ हजार आणि वर काही आली. मधल्या जोडीचं एक लाख पाच हजार. ती जोडी माझ्या हातूनही बरोबरच लागली होती, मधलं दोन्हीकडून मधलंच. हे आजोबांचे ठिपके होते. त्यांनी हा हिशोब कधीतरी करून, तो वाचता न येणाऱ्या माणसासाठी तीन रंगांत लिहून ठेवला होता, आणि मी तो घासून पुसला होता.

मला रडू आलं नाही. मी गुणाकार पुन्हा तपासले. बरोबर होते.

इथपर्यंत जे झालं ती चूक होती. पुढचं मी समजून उमजून केलं. दुसऱ्या दिवशी काका आल्यावर मी म्हटलं, "आज मोठ्या पात्याला ही लहान पुली लावून बघ." त्यांनी लावली, मोटर मागे सरकवून पट्टा ताणला, बटण दाबलं. किंचाळी नव्हती. एकसारखा घूं आवाज आला, आणि लिंबाची फळी पात्यातून अशी गेली की काकांनी मशीन थांबवून तिच्यावर गाल टेकवला. कापलेली बाजू पांढरी होती, गार होती.

"शिकेल माणसाचं कामच येगळं," ते म्हणाले.

मी ते ऐकून घेतलं.

मग त्यांनी पुली हातात घेऊन विचारलं, "बाई, सरांच्या टायमाला मोठ्याला मोठीच व्हती ना? तुम्ही तशीच तर लावून ठेवल्ती. मंग आता काहून उलटं झालं?"

उत्तर सोपं होतं. चार शब्दांचं होतं. मी नोकरीभर मुलांना सांगत आले की चूक कबूल केली की शिक्षा अर्धी. मी म्हटलं, "मशीन जुनं झालं आता. जुन्या मशीनला उलटं लागतं."

काकांनी मान हलवली. दिवसभर त्यांनी काम केलं, चांगलं केलं. जाताना म्हणाले, "सोमवारी जालन्याला जाऊन येतो. साडूला हो म्हणतो."

"आता तर नीट चालतंय."

"आज चाललं. उद्या पलटलं तर? इतकी वर्षं जवळ ऱ्हाऊन मला त्याचं मन कळलं न्हाई बाई. तुम्हाला कागदावर कळलं. मंग माझ्या हातात काय ऱ्हायलं?"

सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारी सकाळी आपली कानस, डबा आणि जुनी चप्पल न्यायला आले. एकतारखेपासून गोडाऊनवर जायचं ठरलं होतं. मी ओसरीवर उभी होते. ते चप्पल पिशवीत घालत होते तेव्हा मी बोलले, एका दमात, धडा वाचल्यासारखं. मशीन जुनं झालेलं नाही. सरांच्या वेळी मोठ्याला लहानच पुली होती. ठिपके तसेच होते. ते मी पुसले, कारण मला वाटलं ते कुंकू आहे. आणि भिंतीवर लावताना मी अंदाजाने मोठ्याखाली मोठी लावली. तुझे हात बरोबर होते. पहिल्या दिवसापासून.

काका पिशवी धरून उभे राहिले.

"तीन महिने," ते म्हणाले. "तीन महिने झाले बाई. मी रोज घरी जाऊन बायकोला सांगून राह्यलो का माझे हात गेले. ती मांडीला शेक द्यायची आन रडायची. सुतार लोक हसून राह्यले मला. आन तुम्हाला ठावं झालं तवाबी तुम्ही म्हणता, मशीन जुनं झालं?"

"हो."

"काहून?"

मी म्हटलं, "लाज वाटली."

"मला न्हाई वाटली लाज? शिकेल न्हाई म्हणून मला लाज नसती का?"

हे त्यांनी ओरडून म्हटलं. आपल्या घरात त्यांचा आवाज तेवढा चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. मग ते पिशवी घेऊन गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्यासाठी मांडलेला चहा बेसिनमध्ये ओतला, पातेलं घासलं, पालथं घातलं. त्या दोन-तीन दिवसांत तुमचा फोन आला आणि मी तब्येतीचं सांगितलं.

शुक्रवारी शेडमधून कशाचा तरी खरखर आवाज आला. मी जाऊन पाहिलं. काका खाली बसले होते, तिन्ही पुल्या पुढ्यात, हातात कानस. चार इंची पुलीच्या कडेला ते एक खाच पाडत होते. पाच इंचीला दोन झाल्या होत्या, सहा इंचीला तीन.

"पात्याला खूण लागत न्हाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पातं किती मोठं ते आंधळ्यालाबी कळंल. सगळ्यात मोठ्याला एक खाच, मंग दोन, मंग तीन. बराबर?"

मी मनात गुणाकार केला. "बरोबर."

"आता आणा तुमचं रॉकेल."

मी म्हटलं, "नाही आणत."

"गोडाऊनवाल्याला न्हाई म्हणून सांगितलं. साडू चिडला. खुर्चीत बसायला नशीब लागतं म्हणाला." त्यांनी खाचेतला कीस फुंकून उडवला. "मी येतो. पर एक हाय. या भिंतीला हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई. मी कसंबी टांगीन."

मी कबूल केलं. दुपारी त्यांनी माझे सरळ रेषेतले खिळे उपटले आणि आपल्या हाताला येतील तिथे ठोकले. एक तर इतका वाकडा आहे की पुली त्यावर तिरकी लोंबते. पाती एकीकडे, पुल्या दुसरीकडे, मधे त्यांचा डबा.

म्हातारे सुतार पुन्हा येऊ लागले आहेत. पलीकडून लाकूड धरायला आता काकांच्या बायको येतात. माझ्याशी त्या फारसं बोलत नाहीत, तो त्यांचा हक्क आहे. काका बोलतात, पण पूर्वी मी सांगितलेलं ते लगेच ऐकायचे, आता आधी विचारतात, "कशावरून?" मी कशावरून ते सांगते, आणि कधीकधी मला सांगता येत नाही.

भिंतीवर जाळी धरली आहेत, खिळ्यांवर भुसा साचला आहे. सकाळी झाडू घेऊन मी शेडच्या दारापर्यंत जाते, उंबऱ्याबाहेरचं झाडते, आणि परत येते.